डीव्हीडीवरचे लग्न एका फाइलमध्ये उतरवताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली-मिरजेत, आणि वर कराड-साताऱ्याकडेही, मोबाइलच्या, झेरॉक्सच्या आणि फोटो स्टुडिओच्या दुकानांवर 'जुन्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर करून मिळतील' अशा पाट्या दिसतात. काम अगदी गरजेचे आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची लग्ने, मुंजी, साठीशांती, शाळांची स्नेहसंमेलने, हौशी मंडळींची नाटके घरोघरी डीव्हीडीवरच पडून आहेत आणि नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह येत नाही. पण अनेक ठिकाणी हे काम चुकीच्या रीतीने होते. ग्राहकाला एकतर चार-पाच सुटे तुकडे मिळतात, ज्यांत मंगलाष्टकांच्या मधोमध एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो. नाहीतर जोडलेली एक फाइल मिळते, जिच्यात तासाभराने ओठ पुढे आणि आवाज मागे पडतो. हे दोन्ही टाळता येते, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने आणि घरच्या घरी. दुकानदारांनी आणि घरी खटपट करणाऱ्यांनीही वाचावे म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी हे तुकडे कुठून येतात ते पाहू. डीव्हीडी कॉम्प्युटरवर उघडली की 'व्हिडिओ_टीएस' नावाचे फोल्डर दिसते (पडद्यावर ही नावे रोमन अक्षरांत असतील). आत तीन जातीच्या फाइली असतात. व्हीओबी फाइलींत प्रत्यक्ष चित्र आणि आवाज असतो. आयएफओ ही अनुक्रमणिका: कोणता भाग कुठे सुरू होतो, कोणत्या क्रमाने वाजवायचा, चित्र ४:३ आहे की १६:९, हे सगळे तिच्यात. बीयूपी ही आयएफओचीच जशीच्या तशी दुसरी प्रत, पहिली वाचता आली नाही तर कामी येणारी. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे एकेक व्हीओबी १ जीबीच्या आतच ठेवावी लागते, म्हणून भरलेल्या डीव्हीडीवर चार पूर्ण आणि एक अर्धवट व्हीओबी दिसते. 'व्हीटीएस_०१_१', 'व्हीटीएस_०१_२' अशी त्यांची नावे चालतात आणि एका संचात ती ९ पर्यंत जाऊ शकतात. शेवटी शून्य असलेली व्हीओबी म्हणजे मेनू. तो चुकून जोडला की फाइलच्या सुरुवातीला गणपतीच्या चित्रावर तीच धून वाजत राहते. जाता जाता: वेष्टणावर ४.७ जीबी लिहिलेली डीव्हीडी विंडोजमध्ये ४.३८ जीबीच दिसते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. काही हरवलेले नसते.

खरी अडचण कापण्याच्या जागेत आहे. पोथी शब्द न पाहता पट्टी लावून समान तुकड्यांत कापावी, तशी ही विभागणी असते. फाइलची हद्द दृश्याची हद्द पाहत नाही, एका चित्राची सुद्धा नाही. डीव्हीडीवरचे एमपेग-२ चित्र गटागटाने साठवलेले असते. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत एका गटात जास्तीत जास्त १५ चित्रे, म्हणजे सेकंदाला २५ या हिशेबाने सुमारे अर्ध्या सेकंदाचा ऐवज. गटातले पहिले चित्र पूर्ण असते, बाकीची त्याच्या आधाराने उभी राहतात. दुसरी व्हीओबी गटाच्या मधोमध सुरू झाली की कन्व्हर्टरला आधाराचे चित्र सापडत नाही आणि पुढचा गट येईपर्यंतचा भाग तो टाकून देतो. आवाजाचे तुकडे मात्र वेगळ्या मापाचे असतात. डॉल्बी आवाजाची एक चौकट ३२ मिलिसेकंदांची. म्हणजे प्रत्येक सांध्यावर चित्र एका मापाने कमी होते आणि आवाज दुसऱ्या. चार सांध्यांवर ही तफावत साठत गेली की शेवटच्या भागात ओठ आणि आवाज जुळत नाहीत. प्रत्येक व्हीओबीची वेगळी एमपी४ (मोबाइलवर चालणारी नेहमीची व्हिडिओ फाइल) करून मग जोडण्याची पद्धत मुळातच चुकीची आहे ती यामुळे. नंतर एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आवाज कितीही सरकवला तरी सगळ्या सांध्यांचे एकदम बसत नाही.

दुसरी प्रचलित रीत म्हणजे विंडोजच्या 'कॉपी' आज्ञेला 'स्लॅश बी' लावून सगळ्या व्हीओबी एकापाठोपाठ एक चिकटवणे. ही पहिलीपेक्षा पुष्कळ बरी, कारण कापलेले बाइट पुन्हा जसेच्या तसे एकत्र येतात, काही गळत नाही. पण डीव्हीडीवर वेळेचे आकडे दर भागाला पुन्हा शून्यापासून सुरू झालेले असू शकतात. स्टुडिओवाल्याने हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागत समारंभ असे वेगवेगळे भाग करून डीव्हीडी बनवली असेल तर बहुधा तसेच असते. मग दोन तासांची फाइल प्लेअरमध्ये ७ मिनिटांची दिसते आणि पुढे ओढायला गेले की भलतीकडेच उडी मारते. शिवाय अनुक्रमणिका मागेच राहिल्याने चॅप्टर जातात आणि वाजवण्याचा क्रमही.

तेव्हा योग्य क्रम असा: आधी डिस्कची हुबेहूब प्रतिमा, मग अनुक्रमणिकेच्या आधाराने अखंड फाइल, आणि सगळ्यात शेवटी, हवी असेल तरच, आकाराने लहान प्रत.

प्रतिमा म्हणजे आयएसओ फाइल. विंडोजवर इमेजबर्न या प्रोग्रॅमने ती निघते. डिस्कवरून इमेज फाइल बनवण्याचा पर्याय निवडायचा. आधी आयएसओ काढण्याचा फायदा असा की जुन्या डिस्कला एकदाच श्रम होतात, पुढचे सगळे प्रयोग हार्डडिस्कवरच्या प्रतीवर करता येतात. डीव्हीडीचा १ एक्स वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी, त्या वेगाने भरलेली डिस्क वाचायला जवळपास ५७ मिनिटे लागतात. चांगली डिस्क ८ एक्सला त्याच्या कितीतरी आधी होते, पण ड्राइव्ह मध्येच अडखळू लागला तर वेग ४ किंवा २ एक्सवर आणावा. यूएसबीवरचा बाहेरचा ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावावा, हबमधून नको. पुरेशी वीज न मिळाल्याने येणाऱ्या वाचनाच्या चुका डिस्कच्या नावावर खपतात आणि चांगली डिस्क कचऱ्यात जाते. ज्या ड्राइव्हला दोन तोंडांची केबल येते तिची दोन्ही तोंडे लावावीत.

आता अखंड फाइल. यासाठी मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर वापरावे. डीव्हीडीपुरते ते फुकट आहे. आयएसओ त्यात उघडली की डिस्कवरची सगळी टायटल्स, म्हणजे स्वतंत्रपणे वाजणारे भाग, त्यांच्या लांबीसह दिसतात. हवे ते निवडून साठवले की एकच एमकेव्ही फाइल मिळते. आतले चित्र आणि आवाज डीव्हीडीवर होते तेच, एका कणानेही पुन्हा न दाबलेले. फक्त बाहेरचे वेष्टण बदलते. म्हणून हे काम काही मिनिटांत होते आणि फाइलचा आकार मूळ व्हीओबींच्या बेरजेच्या आसपास राहतो. सांधे उरत नाहीत, कारण प्रोग्रॅम फाइलींची नावे न पाहता आयएफओमधल्या क्रमाने वाचतो.

इथे दोन जागी फसायला होते. मेकएमकेव्ही आपणहून १२० सेकंदांपेक्षा लहान टायटल गाळते. लग्नपत्रिकेची चित्रफीत, नाटकाआधीची नांदी, एखाद्या पाहुण्यांचे दोन शब्द असे छोटे स्वतंत्र भाग त्यामुळे यादीत येतच नाहीत. सेटिंगमधला हा किमान लांबीचा आकडा घरगुती डिस्कसाठी ५ किंवा १० करून मग डिस्क पुन्हा उघडावी. दुसरे, काही डिस्कवर सुटे भागही असतात आणि ते सगळे ओळीने वाजवणारे 'प्ले ऑल' टायटलही. ४० मिनिटे, २५ मिनिटे, ५५ मिनिटे आणि शिवाय एक २ तासांचे टायटल दिसले तर बेरीज करून पाहा. तेच एक घेतले की काम झाले, सगळी निवडली तर सारे दुप्पट.

लग्न दोन किंवा तीन डिस्कवर असेल, म्हणजे कव्हरवर पार्ट १, पार्ट २ लिहिलेले असेल, तर प्रत्येक डिस्कची एमकेव्ही वेगळी काढून एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये जोडावी. पहिली फाइल 'अॅड'ने घ्यायची आणि पुढच्या 'अपेंड'ने. दुसरीही 'अॅड'ने घेतली तर दोन चित्रे एकाच फाइलमध्ये समांतर बसतात आणि प्लेअर फक्त पहिले दाखवतो. 'दुसरा भाग गेला' म्हणून नंतर जी शोधाशोध होते ती यातूनच. ज्यांच्याकडे डिस्क नाही, नुसत्या कॉपी करून ठेवलेल्या व्हीओबीच आहेत, त्यांनाही हा प्रोग्रॅम उपयोगी आहे. 'व्हीटीएस_०१_१' एवढी एकच फाइल त्यात टाकली की त्याच नावाच्या पुढच्या २, ३, ४ तो आपोआप एकाच प्रवाहासारख्या वाचतो. त्या पुन्हा हाताने टाकू नयेत. फाइलींची मूळ नावे मात्र बदललेली नसावीत.

जोड होण्यासाठी दोन्ही डिस्कवरचे चित्र आणि आवाज एकाच प्रकारचे हवेत. एकाच स्टुडिओने एकाच वेळी बनवलेल्या डिस्क सहसा जुळतात. पण पहिल्या डिस्कवर डॉल्बी आवाज आणि दुसरीवर एमपी२ किंवा न दाबलेला पीसीएम असे निघाले, किंवा एक ४:३ आणि दुसरी १६:९ निघाली, तर प्रोग्रॅम जोडायला नकार देतो किंवा इशारा देतो. तो इशारा दुर्लक्षून पुढे गेले तर सांध्यानंतर आवाज गायब होतो. फरक आवाजापुरता असेल तर दुसऱ्या भागाचा फक्त आवाज पहिल्याच्या प्रकारात बदलून घ्यावा, चित्राला हात लावू नये. चित्राचाच आकार वेगळा असेल तर सरळ दोन फाइली ठेवाव्यात. अट्टहासाने एक करून माणसे चपटी करण्यात काय हशील?

माणसे चपटी किंवा लांबोडकी होण्याचे कारणही सांगतो, कारण ही तक्रार फार ऐकू येते. पाल डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, पण ते बिंदू चौकोनी नसतात. ४:३ चे चित्र पडद्यावर ७६८ गुणिले ५७६ इतके पसरायला हवे आणि १६:९ चे १०२४ गुणिले ५७६. कन्व्हर्टरने हे प्रमाण न पाहता ७२० चे ७२० ठेवले की १६:९ मधली नवरा-नवरी लांबट दिसतात, आणि ४:३ चे चित्र ओढून पूर्ण टीव्ही भरला की जाडजूड.

एमकेव्ही जुन्या टीव्हीवर चालत नाही, मोबाइलवरही कधी अडते. त्यासाठी वाटायची प्रत हँडब्रेक या कन्व्हर्टरने करावी: एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी १६० केबीपीएस. दर्जाचा आरएफ आकडा १८ ते २० ठेवावा. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. एच.२६५ मध्ये फाइल आणखी लहान होते, पण घराघरांतले जुने टीव्ही ती उघडत नाहीत. त्या काळातल्या कॅमेऱ्यांचे चित्र एकाआड एक ओळींचे, म्हणजे इंटरलेस्ड असते. ते तसेच ठेवले तर हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हँडब्रेकमध्ये डीकोम्ब (या रेघा काढणारी सोय) चालू ठेवून त्यातला 'बॉब' पर्याय घ्यावा आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा, ५० करावा. वरातीतला नाच, लेझीम, दांडपट्टा अशा जलद हालचाली मग मूळ टीव्हीवर दिसत तशाच मऊ दिसतात. २५ वर ठेवले तर त्या किंचित झटके घेतात. काही जण 'फुल एचडी करून देतो' म्हणून जास्त पैसे घेतात. ५७६ ओळींच्या चित्रात नसलेला तपशील १०८० ओळी केल्याने येत नाही, आणि चित्र मोठे करण्याचे काम टीव्ही स्वतःच करतो. त्याला पैसे देऊ नयेत. हँडब्रेक एका वेळी एकच टायटल घेतो, जोडत नाही. जोडणी आधीच झालेली हवी.

फाइल तयार झाली की पेनड्राइव्हची पाळी. अखंड फाइल ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ पद्धतीचा पेनड्राइव्ह ती घेतच नाही, जागा कितीही रिकामी असो. 'म्हणून तुकडे केले' असे कारण दुकानात सांगितले जाते ते याचेच. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर टीव्हीपुरती एच.२६४ ची लहान प्रत फॅट३२ वर द्यावी. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की फाइल पुन्हा दाबली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून २ जीबीपर्यंतची तशीच जाते.

तपासणी म्हणजे पहिला मिनिट पाहून 'चालते' म्हणणे नव्हे. फाइलची एकूण लांबी डिस्कच्या लांबीशी ताडावी. जिथे पूर्वी १ जीबीची हद्द होती त्या चार जागा आणि शेवटची पाच मिनिटे डोळ्यांनी पाहावीत, ओठ बघत ऐकावीत. शेवट विशेष महत्त्वाचा, कारण डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरची कड सगळ्यात जास्त हाताळली जाते. वाचता न येणारा भाग बहुधा शेवटचाच असतो, म्हणजे नेमकी पाठवणी.

कृष्णाकाठच्या घरांसाठी हे थोडे वेगळे सांगावे लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कपाटांसकट डिस्क भिजल्या आणि गाळाने माखलेल्या अनेक डिस्क 'गेल्या' म्हणून बाजूला पडल्या. त्या सगळ्या गेलेल्या नसतात. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन पारदर्शक चकत्यांच्या मध्ये असतो. वरचा गाळ निघाला की पुष्कळदा ती वाचता येते. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली आधी कण वाहून जाऊ द्यावेत, मग भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब बोटांवर घेऊन हलक्या हाताने धुवावे, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. पुसताना मऊ सुती कापड मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. आडवा ओरखडा वाचनाच्या वाटेला क्षणभर छेदतो आणि डीव्हीडीची चूक-दुरुस्ती तो भरून काढते. गोल ओरखडा वाटेच्या बरोबर धावतो आणि मोठा सलग भाग नेतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावू नये. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये, कारण घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि प्रकाशाने मरतो. कडेने पाणी आत शिरून दोन चकत्या सुटू लागल्या असतील तर तशी डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नये, फिरताना फुटू शकते. जुन्या व्हीसीडीची गोष्ट निराळी: सीडीत माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली असतो, म्हणून लेबलची बाजू घासणे म्हणजे लग्नच पुसणे.

धुऊनही अडखळणाऱ्या डिस्कसाठी लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू हे सर्वांत चांगले साधन. उबुंटू ही लिनक्सचीच एक आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालू करून ते वापरता येते. ब्लॉकचा आकार २०४८ द्यावा आणि मॅप फाइल न चुकता द्यावी. पहिल्या फेरीत ते सोपे भाग पटकन उचलते, अवघड जागा सोडून पुढे जाते, आणि नंतर त्यांच्याकडे परत येते. काय मिळाले, काय राहिले हे मॅप फाइलमध्ये नोंदलेले असल्याने तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेली भोके तेवढी भरता येतात. एका ड्राइव्हला न वाचता येणारा भाग दुसरा सहज वाचतो, असे वारंवार घडते. शेवटी काही सेकंद राहिलेच तर आयएसओमध्ये तेवढी जागा रिकामी राहते आणि चित्र तिथे क्षणभर फुटते, पण पुढचे सगळे वाचते. नुसते कॉपी-पेस्ट पहिल्या चुकीलाच अख्खी फाइल सोडून देते.

कायद्याबद्दल थोडक्यात. हे सगळे आपल्या घरच्या चित्रणासाठी आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करून घेणारा असतो. त्यामुळे लग्नाच्या डीव्हीडीची प्रत काढायला स्टुडिओची परवानगी लागत नाही. त्यावर घातलेली सिनेमाची गाणी मात्र आपली नसतात. यूट्यूबवर चढवले की आवाज बंद होतो तो त्यामुळे. विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कवर कुलूप असते, आणि हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणे २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे. दुकानदारांनी ते काम घेऊ नये.

दुकानदारांना एक विनंती. ग्राहकाला एमपी४ द्या, पण सोबत आयएसओ किंवा एमकेव्हीही द्या आणि मूळ डिस्क परत करा. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर तीन डिस्कचे लग्न दोन्ही रूपांत आरामात मावते. ग्राहकानेही ते पेनड्राइव्हवरच न ठेवता हार्डडिस्कवर एक प्रत आणि पूररेषेबाहेर, विटा-तासगावकडच्या नातेवाइकांकडे दुसरी प्रत ठेवावी.

ज्यांच्याकडे डीव्हीडीवर थेट चित्रण करणारे जुने हँडीकॅम आहेत, त्यांनी ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क आधी तपासाव्यात. फायनलाइज न केलेली, म्हणजे चित्रणानंतर इतर यंत्रांना वाचता येईल अशी पूर्ण न केलेली, डिस्क कॉम्प्युटरला बहुधा कोरी दिसते; ती त्याच कॅमेऱ्यात घालून मेनूतून फायनलाइज करावी लागते. त्यासाठी कॅमेऱ्याचा चार्जर आणि बॅटरी सांभाळून ठेवा, कॅमेरा भंगारात देऊ नका. आणि ही छोटी डिस्क फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, ती आत अडकते. ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हला मधल्या लहान खाचेत ती बरोबर बसते.

आपला,
एक व्हिडिओ संकलक,
विश्रामबाग, सांगली